थरथर नेमकी कुठली? जुन्या गाडीचे इंजिन उघडण्यापूर्वी...

रविवारची सकाळ, मुंबईतला मोकळा रस्ता आणि पन्नाशी उलटलेली एक फियाट. इंजिन नुकतेच बांधून झालेले, रंग नवा, क्रोम चकाकणारे. ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत सारे सुरळीत असते. काटा पन्नासच्या पुढे सरकला, की आधी गिअरचा दांडा किणकिणू लागतो, मग स्टीअरिंग धरलेल्या हातांना मुंग्या येतात आणि अखेरीस आरशातली मागची बस एकाऐवजी दोन दिसू लागते. गॅरेजमध्ये परत नेले, तर उत्तर ठरलेले असते : 'जुनी गाडी आहे साहेब, थोडी थरथरणारच!'

हे उत्तर सोयीचे असले, तरी बहुतेक वेळा चुकीचे असते. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती गाडी अशी थरथरत नव्हती. गाडीचे वय वाढल्याने थरथर आपोआप जन्माला येत नाही. कुठेतरी काहीतरी झिजते, वाकते, सैल होते किंवा दुरुस्तीच्या वेळी चुकीच्या जागी बसवले जाते, तेव्हा ती येते. प्रश्न एवढाच, की ते 'कुठेतरी' शोधायचे कसे? इंजिन पुन्हा उघडून की न उघडता?

न उघडता ते बऱ्याच अंशी शोधता येते. त्यासाठी महागडी यंत्रेही लागत नाहीत. लागतो तो तपासणीचा क्रम, आणि नेमका तोच घाईत हरवतो.

मोडले, तर पुन्हा मिळणे कठीण

थरथर हा केवळ प्रवासातील सुखाचा प्रश्न नाही. इंजिनाचा कंप क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर सतत हातोडीसारखा आघात करतो. बोल्ट सैल होतात. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरचे डाग उसवतात. पेट्रोलची धातूची नळी दीर्घकाळ कंप पावत राहिली, तर जोडाजवळ तडकते. तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट्रोल ठिबकू लागले, तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरा मुद्दा कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून 'व्हिंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली खासगी दुचाकी व चारचाकी वाहने या व्याख्येत बसतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, त्यानंतर पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये, तसेच क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे अशी ही व्यवस्था आहे. एकेकाळी फियाट वा अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन गेले, की दुसऱ्याच जातीचे डिझेल इंजिन बसवून मोकळे होण्याची पद्धत होती. आज त्या मार्गाने गेल्यास गाडीचा व्हिंटेज दर्जाच धोक्यात येऊ शकतो. म्हणजे मूळ इंजिन जपणे हाच खरा मार्ग उरतो.

त्यातच ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. ती टॅक्सी होती तोवर त्या इंजिनाचे सुटे भाग आणि ते कानाने ओळखणारे मिस्त्री शहराच्या गल्लोगल्ली होते. ज्या गिऱ्हाईकाच्या बळावर ही विद्या टिकली, ते गिऱ्हाईकच आता राहिलेले नाही.

दहा ग्रॅमचे दहा किलो

असंतुलन म्हणजे काय, हे समजायला छताचा पंखा पुरेसा आहे. एका पात्यावर धूळ जास्त साचली किंवा पाते किंचित वाकले, की पंखा डुलू लागतो. फिरणाऱ्या वस्तूचे वजन आसाभोवती सर्व बाजूंना सारखे विभागलेले नसेल, तर जड बाजू आसाला आपल्याकडे ओढते. ती बाजू फिरत असल्याने ओढही फिरते आणि आस प्रत्येक फेरीत एकदा हिसका खातो.

हे केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, की ओढ चौपट होते. फ्लायव्हीलवर आसापासून दहा सेंटिमीटर अंतरावर दहा ग्रॅम वजन जास्त आहे असे समजू. हे वजन जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याहून किंचित अधिक. मिनिटाला १५०० फेरे असताना ते क्रँकशाफ्टला सुमारे अडीच किलो वजनाएवढ्या जोराने ओढते. तीन हजार फेऱ्यांना हा जोर दहा किलो होतो, साडेचार हजारांना साडेबावीस किलोंच्या पुढे जातो. तीन हजार फेऱ्यांना असा हिसका सेकंदाला पन्नास वेळा बसतो. मंद चालणारे इंजिन शांत वाटते आणि वेग घेताच थरथरते, त्याचे एक मुख्य कारण हे गणित आहे.

चार सिलिंडरचा स्वभाव

मात्र इंजिनाची प्रत्येक थरथर म्हणजे दोष नव्हे. फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन आणि अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन, दोन्ही एका रांगेतील चार सिलिंडरची आणि तीन मुख्य बेअरिंगची. अशा इंजिनात पहिला व चौथा पिस्टन वर असताना दुसरा व तिसरा खाली असतो. वरखाली होणारी ओढ त्यामुळे बरीचशी परस्परांत मिटते. तरीही थोडी उरते, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या भागात खालच्या भागापेक्षा अधिक झपाट्याने हलतो. ही उरलेली ओढ क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा येते. तो या रचनेचा जन्मजात स्वभाव आहे.

ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०४ मध्येच त्यावर तोड काढली होती. क्रँकच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन असंतुलित दांडे बसवायचे आणि त्यांच्या ओढीने ही ओढ मिटवायची. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने ही कल्पना पुन्हा उचलली, तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर मोटारींत आली. फियाट-अ‍ॅम्बॅसडरमध्ये असे दांडे नाहीत. तिथे हा कंप गिळण्याचे काम इंजिनाखालची रबरे करतात.

निदानाच्या दृष्टीने तीन आकडे लक्षात ठेवावेत. क्रँकच्या एका फेरीत दोनदा येणारा कंप हा चार सिलिंडरचा स्वभाव. एका फेरीत एकदा येणारा कंप म्हणजे फिरत्या भागाचे असंतुलन. आणि दोन फेऱ्यांत एकदा येणारा कंप म्हणजे एखादा सिलिंडर काम करत नाही, गॅरेजच्या भाषेत इंजिन 'मिसिंग' करते आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांत एकदाच येते, म्हणून हा हिशेब.

लांब क्रँकशाफ्ट असलेल्या सहा वा आठ सिलिंडरच्या गाड्यांत आणखी एक प्रकार असतो. तिथे क्रँकशाफ्ट पिळवटून सुटतो आणि ठरावीक वेगाला घरघर उठते. रोल्स-रॉइसच्या आरंभीच्या सहा सिलिंडर गाड्यांना या पिळाने छळले होते. १९०६ च्या 'सिल्व्हर घोस्ट'मध्ये सात मुख्य बेअरिंगचा भक्कम क्रँक आला, त्यामागे हाच अनुभव होता. पुढे अशा इंजिनांना पुलीपाशी डँपर बसवण्याची पद्धत पडली. ज्या डँपरमध्ये रबर असते, ते रबर कडक होऊन सुटले, की संतुलित इंजिनही कुरकुरू लागते. संस्थानी काळातील मोठ्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी क्रँकला हात घालण्यापूर्वी तो डँपर पाहावा.

आधी उभी गाडी, मग धावती

तपासणीचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे : थरथर गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे की इंजिनाच्या? गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस करावी. धावताना इंजिनाच्या ज्या आवाजावर थरथर येते, त्याच आवाजावर उभ्या गाडीतही ती आली, तर दोष इंजिन वा क्लचच्या बाजूला आहे. उभी गाडी शांत असेल, तर संशय चाके, ब्रेक ड्रम आणि प्रॉपेलर शाफ्टकडे वळवावा.

येथे अनेक जण फसतात. बहुतेक जुन्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत टॉप गिअर थेट असतो. त्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. फियाटसारख्या गाडीत ताशी साठच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते, तर इंजिन व शाफ्ट दोन्ही साधारण ३८-३९. मग कंप मोजला, तरी दोघांपैकी गुन्हेगार कोण हे कळणार कसे? उपाय असा, की तोच रस्त्यावरचा वेग एक गिअर खाली घेऊन गाठावा. इंजिनाचे फेरे वाढतात, शाफ्टचे तेवढेच राहतात. थरथर पूर्वीच्याच वेगाला कायम राहिली, तर शाफ्ट किंवा त्याचा 'क्रॉस' तपासावा. ती गाडीच्या कमी वेगाला येऊ लागली, तर इंजिन. ही चाचणी अर्थातच मोकळ्या, सरळ रस्त्यावरच करावी.

स्वस्तातले गुन्हेगार आधी

थरथर इंजिनाच्या बाजूची आहे असे ठरले, तरी लगेच क्रँककडे धाव घेऊ नये. आधी 'मिसिंग' वगळावे. विद्युतरोधक मूठ असलेल्या साधनाने एकेका प्लगची वायर क्षणभर जमिनीशी जोडून तो सिलिंडर बंद पाडावा. चांगला सिलिंडर बंद होताच इंजिनाचा वेग पडतो. ज्याच्या बंद होण्याने काहीच फरक पडत नाही, तो मुळातच काम करत नव्हता. मग प्लग, पॉइंट, वायर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन या वाटेने जावे.

त्यानंतर इंजिनाचे 'फाउंडेशन', म्हणजे ज्यावर इंजिन टेकलेले असते ती रबरे पाहावीत. वर्षानुवर्षे तेल पिऊन ती लोण्यासारखी मऊ झालेली असतात किंवा उन्हाने दगडासारखी कडक. दोन्ही अवस्थांत इंजिनाचा नैसर्गिक कंपही थेट बॉडीत शिरतो. सायलेन्सरचा पाइप चॅसिसला टेकलेला असला, तरी तोच परिणाम होतो. काही शे रुपयांच्या रबरामुळे हजारोंचे इंजिन उघडले गेले, अशा कहाण्या जुन्या गाड्यांच्या वर्तुळात नव्या नाहीत.

पट्टा, क्लच आणि चावी

एवढे होऊनही थरथर उरली, तर फिरत्या भागांची पाळी येते. येथे तीन चाचण्या उपयोगी पडतात.

पहिली पट्ट्याची. जुन्या गाड्यांत बहुधा एकच फॅन बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवतो. तो काढून, थंड इंजिन जेमतेम मिनिटभर त्याच वेगाला चालवावे. थरथर गेली, तर दोष समोरच्या भागात आहे : वाकलेले पाते, झिजलेले पंपाचे बेअरिंग किंवा वेडीवाकडी पुली. पंख्याच्या पात्याला तडा दिसला, तर गाडी तिथेच थांबवावी. तुटलेले पाते बॉनेट फाडून बाहेर येऊ शकते. पट्ट्याविना इंजिन अधिक वेळ चालवू नये, कारण पाणी फिरत नसते.

दुसरी चाचणी क्लचची. न्यूट्रलमध्ये थरथरीच्या वेगाला इंजिन धरून क्लच पूर्ण दाबावा. क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा पहिला दांडा थांबतो. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट व क्रँक मात्र फिरत राहतात. थरथर नाहीशी झाली, तर दोष थांबलेल्या भागांत. ती तशीच राहिली, तर फिरत राहिलेल्या भागांत.

तिसरी चाचणी चावीची. इंजिन थरथरीच्या वेगाला नेऊन चावी बंद करावी. स्फोट तत्क्षणी थांबतात, पण क्रँक काही क्षण फिरत राहतो. त्या क्षणांतही थरथर टिकून हळूहळू विरली, तर ती वजनाची. चावीबरोबर एकदम थांबली, तर ती जळणाची. इंजिन पूर्ण थांबेपर्यंत चावी पुन्हा सुरू करू नये. सायलेन्सरमध्ये साठलेले पेट्रोल भडकून बार उडतो.

वजन बिघडते कुठे?

नव्याने बांधलेल्या इंजिनात असंतुलन येते ते बहुधा दुरुस्तीच्या टेबलावर. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट कारखान्यात अनेकदा जोडीने संतुलित केलेली असतात. उघडताना खूण केली नाही आणि बसवताना प्लेट दुसऱ्या बोल्टवर फिरली, तर जोडी मोडते. नवी प्रेशर प्लेट दुसऱ्याच बनावटीची असू शकते. तिला मध्यावर धरणाऱ्या पिना झिजलेल्या वा गायब असू शकतात. चार किलोची प्लेट केवळ पाव मिलिमीटर सरकून बसली, तरी आसापासून दहा सेंटिमीटरवर दहा ग्रॅम चिकटवल्याचा परिणाम होतो. म्हणजे तीन हजार फेऱ्यांना तेच दहा किलो!

यावर मिस्त्रींची एक जुनी युक्ती आहे. पिनांची रचना परवानगी देत असेल, तर प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर अर्धा वळसा फिरवून बसवायची. थरथर कमी-जास्त झाली, तर दोष या जोडीत आहे हे सिद्ध होते. काहीच बदलले नाही, तर नजर पुढे क्रँककडे न्यायची. त्याआधी डायल गेजने फ्लायव्हील डगडगते का, तेही पाहावे. क्रँकच्या टोकावर बसवताना मध्ये अडकलेला कचऱ्याचा एक कण त्याला तिरके करायला पुरतो.

पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हा दुसरा घोटाळा. एक पिस्टन फुटला म्हणून तेवढाच बदलला, नवा इतरांपेक्षा पंधरा-वीस ग्रॅम जड निघाला, तर चौघांतला समतोल गेलाच. सोनाराकडे असतो तसा डिजिटल तराजू घेऊन चारही पिस्टन पिनांसकट तोलावेत आणि सर्वांत हलक्याच्या वजनाशी बाकीचे जुळवावेत. रॉडची दोन्ही टोके वेगळी तोलावीत, कारण त्याचे मोठे टोक फिरते आणि लहान टोक वरखाली होते.

दुरुस्ती वजनाची, अंदाजाची नव्हे

फ्लायव्हीलसारखी पातळ चकती दोन सरळ धारांवर ठेवली, की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. हे स्थिर संतुलन. पण क्रँकशाफ्ट लांब असतो. त्याच्या एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली सारखेच जादा वजन असेल, तर तो धारांवर निमूट बसून राहतो आणि फिरवताच दोन्ही टोकांनी डोलू लागतो. म्हणून त्याला फिरवूनच, दोन प्रतलांत, गतिमान संतुलन करावे लागते. बॅलन्सिंगचे यंत्र जादा वजन किती आणि कोणत्या कोनावर, हे दोन्ही सांगते. मग जड बाजूला उथळ भोक पाडून धातू काढला जातो.

अपेक्षा किती ठेवावी? सर्वसाधारण यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात 'जी ६.३' ही पातळी वापरली जाते. दहा किलोच्या फ्लायव्हीलला, तीन हजार फेऱ्यांना, या पातळीनुसार दहा सेंटिमीटरवर सुमारे दोन ग्रॅमची चूक चालते. त्याहून बारीक काम करणारे मिळाले तर उत्तम. मात्र भोक कुठे पाडणार, हे मालकाने आधी विचारून घ्यावे. कापलेला धातू परत चिकटवता येत नाही आणि दुसरा क्रँक सहज मिळत नाही. संतुलनाला पाठवण्यापूर्वी क्रँकला तडा नाही ना आणि तो वाकलेला नाही ना, याची खात्री करणेही तितकेच आवश्यक. वाकलेल्या क्रँकचे संतुलन करणे म्हणजे मोडलेल्या पायाला नवा बूट घालणे.

खिशातला मदतनीस

आज या जुन्या विद्येला मोबाइलची जोड मिळाली आहे. स्मार्टफोनमधील ॲक्सिलरोमीटर कंप मोजतो आणि त्याचा आलेख दाखवणारी मोफत ॲप्स उपलब्ध आहेत. फोन सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट बांधावा, सेकंदाला किमान दोनशे नोंदी घेणारे ॲप निवडावे आणि फेरे मोजण्याच्या मीटरवर इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांना स्थिर धरावे. आलेखात सेकंदाला तीसच्या जागी सुळका दिसला, तर असंतुलन. पंधराच्या जागी दिसला, तर मिसिंग. साठच्या जागचा सुळका हा चार सिलिंडरचा स्वभाव. तो अवाजवी मोठा असेल, तर फाउंडेशनची रबरे पुन्हा पाहावीत.

सुरुवातीच्या फियाटसारख्या गाडीत, जिथे थरथर इंजिन बांधल्यानंतर सुरू झाली, तिथे पहिला संशय खूण न करता उघडलेल्या प्रेशर प्लेटवर जातो. तो खरा ठरला, तर काम गिअरबॉक्स उतरवून अर्धा वळसा देण्याचे किंवा फ्लायव्हील व प्लेट जोडीने बॅलन्सिंगला पाठवण्याचे. सिलिंडरला हात लावावा लागत नाही.

म्हणून जुनी गाडी गॅरेजमध्ये देताना मालकाने दोन गोष्टी लेखी मागाव्यात. उघडण्यापूर्वी फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, पिस्टन व रॉड यांवर खुणा केल्याची नोंद, आणि बांधण्यापूर्वी चारही पिस्टन-रॉडच्या वजनांचा कागद. मध्यबिंदूची एक खूण करायला अर्धे मिनिट लागते. ती राहून गेली, तर पुढची कित्येक वर्षे 'जुनी गाडी थरथरणारच' हे ऐकत राहावे लागते.